वरातीच्या दुसऱ्या तासाला ट्रम्पेट बंद पडतो: दोष ओठांचा, माऊथपीसचा की दांडीचा?

पहिला तास झकास जातो. देवळातून निघताना वरचा सा खणखणीत लागतो, नवरदेवाचे मामा खूश होऊन खिशाला नोट अडकवतात. मग वरात चौकात अडते, पोरं रंगात येतात, ‘अजून एक, अजून एक’ सुरू होतं आणि नेमका दुसऱ्या तासाला ट्रम्पेट दगा देतो. फुंक जाते, सूर येत नाही. क्लॅरनेटवाला सांभाळून घेतो, गाड्यावरचा कीबोर्डवाला आवाज वाढवतो आणि आपण ओठ पुसत मागच्या रांगेत.

खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कुठंही जा. ट्रम्पेटवाल्याशी चहाला बसलं की ही तक्रार निघतेच, आणि उपायही ठरलेला: माऊथपीस बदल. माऊथपीस म्हणजे फुंकायचं सुटं तोंड: ओठ टेकतात ती कड, तिच्या आतला खोलगट भाग म्हणजे वाटी, वाटीच्या तळाला भोक, आणि ट्रम्पेटात बसते ती दांडी. मीही बदलला. तीन वर्षांत चार. मावसभावाचा पोरगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये लेथवर आहे, त्यामुळं पितळेचा रॉड घेऊन जायचं आणि संध्याकाळी माऊथपीस घेऊन यायचं, एवढं सोपं वाटलं होतं. चारातले तीन चुकले. तिन्ही वेळा माझी तक्रार शब्दाला शब्द तीच होती, कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी धुऊन बघा. हसू नका. आमच्या बँडमधल्या एकाचा माऊथपीस मी उजेडाकडं धरून आतून बघितला तर भोक निम्मं दिसत होतं, आणि कडेनं तांबूस थर. कात, चुना, सुपारी, सगळं फुंकेबरोबर आत गेलेलं. निपाणीच्या तंबाखूला मी नावं ठेवत नाही, पण वाजवायच्या आधी चूळ भरायला काय हरकत आहे? कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि बारीक ब्रश एवढं पुरतं. माऊथपीस ज्या नळीत बसतो ती पुढची नळीही आतून घासा. ट्युनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, काढली की ती सरळ आरपार दिसते. पाणी सोडायच्या चावीचा बूच झिजला असेल तर हवा तिथूनच गळते. चावीची बुचाकडची बाजू बोटानं भोकावर दाबून धरून वाजवा, फरक पडला तर आधी बूच बदला.

मग अदलाबदल. आपला माऊथपीस दुसऱ्याच्या ट्रम्पेटला, दुसऱ्याचा आपल्या ट्रम्पेटला. पण दोन मिनिटं नाही, निदान वीस मिनिटं, आणि तेही दमल्यावर. माझा पहिला माऊथपीस शेडमध्ये पाच मिनिटं वाजवला तेव्हा कुणी तरी स्वर्गातून पाठवल्यासारखा वाजला होता. ताज्या ओठांना जवळजवळ काहीही चालतं.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या तासाला सूर जातो म्हणजे नेमका कसा जातो, ते बघा. एकदम दार लागल्यासारखा बंद होतो, हळूहळू विझत जातो, की जात नाहीच पण जागेवर राहत नाही? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

एकदम बंद होत असेल तर बहुधा वाटी उथळ आहे, किंवा कडेचा आतला घेर अरुंद आहे. माझा पहिला असाच होता. ‘वर चढायला सोपं पडतं’ म्हणून मी वाटी मुद्दाम उथळ करून घेतली होती. उथळ वाटीनं आवाज टोकदार होतो, वरचे सूर लवकर लागतात, हे खरंच आहे. पण तासभर वाजवल्यावर ओठ सुजतात, पुढं येतात, आणि वाटीच्या तळाला जवळजवळ टेकतात. टेकले की थरथर थांबते. नंदगडच्या एका वरातीत माझं हेच झालं: लांब सूर धरला होता, मधेच नुसती हवा. अर्धा तास विश्रांती घेतली, पाणी प्यालो, पुन्हा लागला, दहा मिनिटांनी पुन्हा गेला. विश्रांतीनंतर पहिल्यासारखा लागतो आणि थोड्या वेळात परत दार बंद, ही या दुखण्याची खूण.

हळूहळू विझत असेल तर उलटं. घेर मोठा, वाटी खोल, नाहीतर भोक मोठं. पहिल्यानं पोळलो म्हणून दुसरा मी सगळ्या बाजूंनी मोठा केला. आवाज काय सुंदर होता, गोल, भरदार, मिलिटरी बँडसारखा. फक्त तो आवाज काढायला मिलिटरीतलीच छाती लागत होती. हा ओठांचा दोष नाही, दमाचा हिशेब आहे. बाख या नावाजलेल्या कंपनीच्या नेहमीच्या ट्रम्पेट माऊथपीसचं भोक 3.66 मिलिमीटरचं असतं. आमच्या शेडमध्ये हाताला 4 चं ड्रिल लागलं, पोरगा म्हणाला ‘0.34 चा तर फरक, काय होतंय काका?’ गणित करून बघा: भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ 19 टक्क्यांनी वाढलं. एवढी हवा वरातभर कुठून आणणार? भोक मोठं करणं सोपं आहे, बारीक करता येत नाही. तो माऊथपीस आता आमच्या दारात पडदा अडकवायच्या कामाला आला आहे.

तिसरं दुखणं सगळ्यात फसवं, आणि माझं डोकं सगळ्यात जास्त त्यानंच खाल्लं. सूर लागतो, ओठही ठीक असतात, पण वरचा सा आणि मधला सा एकमेकांशी बोलत नाहीत. ओढून, दाबून जुळवत राहावं लागतं, आणि त्या ओढाताणीतच ओठ संपतात. पूर्वी नुसता बँड असायचा तेव्हा हे कुणाच्या कानावर येत नव्हतं, सगळेच थोडेथोडे इकडंतिकडं असायचे. गाड्यावर कीबोर्ड आला आणि पितळ उघडं पडलं. तो काही आपल्यासाठी सूर हलवत नाही.

माझा तिसरा माऊथपीस वाटीनं, कडेनं अगदी मनासारखा होता, तरी हे होत होतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून निवृत्त झालेले एक जुने बँडवाले आमच्या गल्लीच्या मागं राहतात, आम्ही त्यांना मेजर म्हणतो. त्यांच्याकडं घेऊन गेलो. वाजवायच्या आधीच त्यांनी माऊथपीस ट्रम्पेटात हलक्या हातानं बसवला, दोन बोटांनी डावीउजवीकडं हलवला आणि माझ्याकडं बघितलं. टक टक आवाज येत होता.

“किल्ली कुलपात बसंना, आणि तू दार बदलायलास.”

वाजवणारे सगळे कड आणि वाटी बघतात, दांडी कुणी बघत नाही. दांडीला उतार असतो, दर 20 मिलिमीटर लांबीला साधारण 1 मिलिमीटर व्यास बदलतो. वर्कशॉपवाल्याला ‘मॉर्स टेपर’ म्हटलं की लगेच कळतं. या उतारामुळंच बारीकशी चूक वीसपट होऊन दिसते: दांडी 0.1 मिलिमीटरनं जाड झाली की माऊथपीस 2 मिलिमीटर बाहेर राहतो. साधारणपणे तो 25 मिलिमीटर आत जातो आणि त्याचं टोक व आतल्या नळीचा कंगोरा यांच्यात 3 मिलिमीटरच्या आसपास फट राहते. एक सूत म्हणा हवं तर. काही ट्रम्पेटात हा कंगोराच नसतो, तिथं हा हिशेब लागू नाही. बाकीच्यांत फट फार कमी किंवा फार जास्त झाली की सूर जागेवर बसत नाहीत.

घरी बघायचं असेल तर असं बघा. व्हर्नियरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीचा, मागचा सळईचा भाग ट्रम्पेटच्या तोंडात कडेनं आत सरकवा, कंगोऱ्याला अडेल तिथलं माप लिहा. मग माऊथपीस बसवा, तोंडापाशी पेन्सिलीची खूण करा, काढा, खुणेपासून टोकापर्यंत मोजा. दोन्हींतला फरक ती फट. माझ्या तिसऱ्याची फट जवळजवळ शून्य होती, दांडी बारीक झाली होती.

दुसरी परीक्षा, उताराची. दांडीवर साध्या मार्कर पेनानं लांबीनं चार रेघा ओढा, माऊथपीस बसवून अर्धा वळसा द्या, काढा. रेघा टोकापासून खुणेपर्यंत सारख्या पुसल्या गेल्या तर उतार जुळला. फक्त तोंडापाशी पुसल्या तर आत टोक मोकळं हलतंय, फक्त टोकाशी पुसल्या तर उलटं. हे वर्कशॉपमधल्या माणसाला शिकवावं लागत नाही, ते रोज निळा रंग लावून हेच करत असतात. आमच्या पोरानं तर मलाच सुनावलं, “काका, हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच वेळी झालं असतं की.” मी काय सांगितलं होतं? ‘जुन्यासारखा कर, जरा बारीक.’ ‘जरा’ म्हणजे किती, हे त्यानं तेव्हा विचारलंही होतं.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते: कॉर्नेटचा माऊथपीस. त्याची दांडी ट्रम्पेटपेक्षा बारीक आणि आखूड असते. जुन्या बँडच्या पेटीत दोन्ही एकत्र पडलेले असतात, घाईत कुणी कुठलाही उचलतो, आणि मग तोच नमुना म्हणून लेथवर जातो.

फट वाढवून फायदा होईल का, हे नवा करण्याआधी फुकटात कळतं. पतंगाचा कागद घ्या. माझ्याकडचा आठ पदरी करून व्हर्नियरमध्ये धरला तर 0.24 भरला, म्हणजे एक पदर 0.03. त्याच्या दोन अरुंद पट्ट्या दांडीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना लांबीनं लावायच्या. व्यास 0.06 नं वाढला, माऊथपीस 1.2 मिलिमीटर बाहेर आला. वाजवायचं. मग पट्ट्या दुहेरी, पुन्हा वाजवायचं. मला दुहेरी पट्टीला, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर फटीला, वरचा आणि मधला सा गपकन जुळले. जुळले म्हणजे इतके की मागच्या खोलीतून बायको म्हणाली, “आता कसं नीट वाजलं.” ती तीन वर्षं ऐकत होती बिचारी. वहीच्या कागदानं मात्र ही परीक्षा करू नका. तो 0.1 च्या आसपास जाड असतो, एकाच पदराला 4 मिलिमीटरची उडी बसते आणि मधलं काही कळत नाही.

दांडीचं टोक गोल आहे ना, तेही बघा. माऊथपीस खाली पडला की टोक चेपतं, आणि ही चेप डोळ्याला सहज दिसत नाही, टेबलावर गडगडवली की कळते. निमुळत्या सळईवर हलक्या हातानं ठोकून ती गोल करता येते, त्यासाठी नवा माऊथपीस लागत नाही. आणि तळहाताची चापट मारून माऊथपीस बसवायची सवय सोडा. अडकला की पकड लावली जाते, पकड लावली की नळी पिळवटते.

एवढं सगळं बघूनही नवाच हवा असं ठरलं, तर माझं सरळ मत: तुमचा ट्रम्पेट नीट मापाचा असेल तर बाख किंवा यामाहाचा अस्सल माऊथपीस घ्या, हातानं करून घ्यायच्या नादी लागू नका. करून घेण्यात अर्थ कधी? ट्रम्पेटचं तोंड झिजून सैल झालंय आणि बाजारातला कुठलाच बसत नाही तेव्हा, किंवा वर्षानुवर्षांची सवय असलेली कड हरवली, मोडली तेव्हा. माझ्या बाबतीत दोन्ही होतं. ट्रम्पेट वडिलांचा, माऊथपीसही वडिलांचा, आणि तो शिवजयंतीच्या चित्ररथांच्या गर्दीत ट्रॅक्टरखाली गेला. कड वाचली, दांडी गेली.

आकड्यांच्या भरवशावर राहू नका. बाखमध्ये आकडा लहान तर घेर मोठा, यामाहात उलटं. अक्षर वाटीच्या खोलीचं, बाखचा ए सगळ्यात खोल आणि पुढं उथळ होत जातं. बाखच्या यादीत 7सी चा घेर 16.20 आणि 3सी चा 16.30, म्हणजे फरक दशांश मिलिमीटरचा, तरी ओठाला दोन्ही वेगळे लागतात, कारण कडेची गोलाई वेगळी. नकली मालावर 7सी कोरलेलं असतं त्याला तर काहीच अर्थ नाही. शिवाय घेर कडेच्या कुठल्या उंचीवर मोजला यावरही आकडा बदलतो, गोलाईवर व्हर्नियरचे जबडे घसरतात. दोन माणसांनी एकच माऊथपीस मोजून दोन आकडे सांगितले तर भांडू नका.

म्हणून टर्नरला, म्हणजे लेथवाल्याला, आकडा नाही, ठसा द्या. दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला जो मसाला वापरतात तो मी ओळखीतून थोडा आणला, वडिलांच्या मोडक्या माऊथपीसच्या वाटीत आणि कडेवर दाबला, घट्ट झाल्यावर काढला. ब्लेडनं मधोमध कापला आणि कापलेली बाजू पत्र्यावर ठेवून सुईनं बाहेरची रेघ मारली. पोरानं तो पत्रा कानशीनं घासून गेज केलं: नखाएवढा तुकडा, पण कडेचं वळण, आतली धार, वाटीची खोली, सगळं त्यात. लेथवर दर दोन फेऱ्यांनी तो गेज लावून बल्बच्या उजेडात फट बघायचा. उजेड दिसेनासा झाला की थांबायचं. हायड्रॉलिकचे पार्ट करणारा हात, त्याला हे जमणार नाही तर कुणाला?

दांडीसाठी ट्रम्पेट सोबत घेऊन जा. नुसतं माप नाही, अख्खा ट्रम्पेट. आणि दांडी सुरुवातीला थोडी जाडच ठेवायला सांगा. जाड असली तर एक हात मारून आत सरकवता येते, बारीक झाली की संपलं.

भोकाला 3.6 चं ड्रिल मारून मग हळूच साफ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी वाटी, कड आणि भोक एकदम बदलत होतो, त्यामुळं काय चुकलं आणि काय जमलं ते कळायला मार्गच नव्हता.

कडेवर नख फिरवा. हत्याराच्या रेघा नखाला लागल्या तर ओठाला तासाभरात लागणारच. आतली धार तीक्ष्ण असेल तर जीभ मारल्यावर सूर झटकन निघतो पण ओठ कापतो, फार बोथट असेल तर आराम वाटतो आणि सूर विस्कटतो. लग्नाच्या बँडला मधली बरी. रुंद कडेनं भार वाटला जातो, म्हणून आपल्यासारख्या तासनतास वाजवणाऱ्यांना ती आवडते. फार रुंद झाली की मात्र ओठ हलायला जागा राहत नाही.

मुलाम्याशिवाय पितळ तोंडाला लावू नका. लेथवर सहज कापलं जाणारं पितळ घेतलं तर त्यात सुमारे 3 टक्के शिसं असतं, आणि घामानं ते हिरवंही पडतं. चांदीचा मुलामा चांगला. निकेल काहींच्या ओठांना खाज आणतं, पुरळ येतं. आणि मुलामा देणाऱ्याला बजावून सांगा, दांडीवर थर पातळ ठेव. समजा 20 मायक्रॉनचा, म्हणजे 0.02 मिलिमीटरचा, थर चढला, दोन्ही बाजूंचे धरून व्यास 0.04 नं वाढला, म्हणजे माऊथपीस 0.8 मिलिमीटर बाहेर. पतंगाच्या कागदानं शोधलेली फट तिथंच बिघडते. मी तर दांडीला चिकटपट्टी गुंडाळूनच पाठवला.

यात बाख कंपनी काढणाऱ्या व्हिन्सेंट बाख साहेबांची गोष्ट आठवते. मूळचा इंजिनिअर, पेशानं ट्रम्पेटवाला, दुरुस्तीला दिलेला माऊथपीस कारागिरानं बिघडवून परत दिला, तेव्हा स्वतःच लेथ लावून बसला, आणि 1918 पासून त्याच धंद्याला लागला. तेव्हा एक-दोन फसले म्हणून टर्नरच्या पोरावर चिडू नका.

वेळ कुठली निवडायची? आषाढात द्या. लग्नं नसतात, बँडच्या सुपाऱ्या नसतात, शेडमध्ये गेलं तर पोरगं बोलायला मोकळं असतं. श्रावणभर घरी रोज अर्धा-पाऊण तास वाजवून ओठ बसवा, गणपतीत पहिली खरी परीक्षा. कपिलेश्वर तलावाकडं विसर्जनाची मिरवणूक निघाली की दुसरा तास काय, सातवा तासही कळतो. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाल्यावर नवा माऊथपीस तोंडाला लावणं म्हणजे वरातीच्या दिवशी नवी चप्पल घालणं. आणि जुना खिशात असू द्या. डिसेंबरातल्या रात्रीच्या वरातीत तर नवाही खिशातच ठेवा, दोन गाण्यांच्या मधे काढून. गार पितळावर ओठ आखडतात, आणि ट्रम्पेट गार पडला की सूरही उतरतो, मग पुन्हा माऊथपीसला शिव्या.

माझा चौथा गेल्या गणपतीपासून चालू आहे. दुसऱ्या तासाला अजूनही दमतो, पण सूर जागेवर राहतो आणि पाच मिनिटं थांबलं की ओठ परत येतो. पोरानं त्याची मापं शेडच्या पत्र्याच्या दारावर मार्करनं लिहून ठेवली आहेत, कुठल्याशा सिलिंडरच्या मापांच्या खाली: घेर, खोली, भोक 3.66, दांडी, आणि शेवटी ‘काका – जरा = 0.12’.